दुसरी 'क' आणि प्राण्यांचे डॉक्टर

४ ऑगस्ट

दादा,

अस्वल थंडीभर झोपतं, तेव्हा ते शी कुठे करतं?

चेष्टा करत नाहीये. मला खरंच उत्तर हवंय, आणि हे विचारावं असा तुझ्याशिवाय दुसरा माणूस माझ्या ओळखीत नाही. नऊ वर्षांनी पहिलं पत्र आणि त्यात हे, म्हणून तू कपाळाला हात लावला असशील. खुशाल लाव. पण उत्तर पाठव.

मी अजून त्याच शाळेत शिकवते. यंदा माझ्या वाट्याला दुसरी 'क' आली आहे. 'अ' आणि 'ब' भरल्यावर जी मुलं उरली ती 'क'. पहिलीचं वर्ष सरलं तरी अक्षराला अक्षर न लागलेली. शिक्षकांच्या खोलीत या वर्गाला 'गाळ' म्हणतात, तेही चहात बिस्कीट बुडवता बुडवता, अगदी सहज. आमच्या मुख्याध्यापिका, ज्यांना सगळी शाळा 'मोठ्या बाई' म्हणते, त्यांनी पहिल्याच दिवशी मला बजावलं, "वर्षाच्या शेवटी मी स्वतः परीक्षा घेणार. कधी न पाहिलेला मजकूर वाचता आला तर तिसरी. नाही तर वर्ग मोडायचा आणि सगळ्यांना परत पहिलीत बसवायचं." म्हणजे यांतली निम्मी आपापल्या धाकट्या भावंडांच्या बाकावर जाऊन बसणार. तू विचार कर काय होईल त्यांचं.

पहिले दोन आठवडे मी बाराखडी घोकून घेतली. मुलं खिडकीबाहेर बघायची. मग वरच्या मजल्यावरच्या अडगळीत, मोडक्या खुर्च्यांखाली, मला चित्रांच्या पुस्तकांचा एक खोका सापडला. सगळी प्राण्यांची. हत्तीला दोरीवरच्या उड्या शिकवणारा उंदीर, अक्रोड कुठे पुरले ते विसरणारी खार, आणि झोप येत नाही म्हणून जंगलभर सगळ्यांना घोरायची तालीम करायला लावणारं अस्वल.

मी ओळी कागदाने झाकल्या आणि म्हटलं, "आता तुम्हीच मला गोष्ट सांगा." दादा, जी मुलं 'हजर' म्हणायलासुद्धा तोंड उघडत नव्हती, ती एकमेकांच्या अंगावर पडून बोलायला लागली. एक म्हणाला "अस्वल झोपला", दुसरी ओरडली "झोपलं!" आणि 'तो ससा, ती खार, ते अस्वल' यावर तासभर कडाक्याचं भांडण झालं. व्याकरणावर भांडणारी दुसरीची पोरं मी जन्मात पाहिली नव्हती. तेवढ्यात शिंप्याच्या मुलाने तो प्रश्न विचारला. सगळा वर्ग माझ्याकडे बघत राहिला. मी म्हटलं, "मला माहीत नाही. पण एक डॉक्टर आहेत, त्यांना विचारते."

आता माझी लाज तुझ्या हाती आहे.

बाबा बरे आहेत. तू विचारलं नाहीस, तरी सांगते.

तुझी टिटवी


२६ ऑगस्ट

दादा,

तुझं कार्ड मिळालं. "करत नाही. थंडीआधी खाल्लेल्याचं आत घट्ट बूच बसतं. वसंतात जागं झाल्यावर निघतं." एवढंच. ना 'कशी आहेस', ना सही. पण आलं!

मी ते वर्गात वाचून दाखवलं तेव्हा काय झालं हे तुला कळायला हवं. आधी सगळे पुढे सरकले. मग शिंप्याचा मुलगा बाकावर चढला आणि ओरडला, "बूच!" पुढचा अर्धा तास माझ्या हाती काही लागलं नाही. पण त्या दिवशी मी फळ्यावर 'बूच' लिहिलं आणि तो शब्द सगळ्यांनी वाचला. सगळ्यांनी. मग 'बूट', 'बूड', आणि एका शहाण्याने स्वतःहून 'भूत'.

म्हणून मी ठरवलंय. ही मुलं प्राण्यांच्या पाठीवर बसूनच वाचायला शिकणार. रोज एक पुस्तक. आधी चित्रं बघून बोलायचं, मग पुढे काय होईल ते ओळखायचं, मग त्यातले दोन-चार शब्द उचलायचे. काल आम्ही चालण्याचे शब्द घेतले. सरपटणं, दुडदुडणं, झेपावणं, फुदकणं. एकाने चिठ्ठी उचलायची, मनात वाचायची आणि तसं चालून दाखवायचं. 'सरपटणं' आलेल्याच्या शर्टाची काय दशा झाली हे त्याच्या आईने मला दारात गाठून सांगितलं.

तुला आणखी तीन प्रश्न पाठवते. मांजराच्या मिशा कापल्या तर काय होतं? सशाचे दात कधी वाढायचे थांबतात? गाय उभ्याने झोपते का? पहिल्या प्रश्नाचं उत्तर घाईने पाठव, कारण विचारणारीच्या घरी मांजर आहे आणि कात्रीही.

जरा मोठ्या अक्षरात लिहिशील?

टिटवी


१९ सप्टेंबर

दादा,

आज माझं नाक कापलं गेलं.

मोठ्या बाई न सांगता वर्गात आल्या. मी खुशीत होते. बेकरीवाल्याची मुलगी माझ्या वर्गातली सगळ्यांत चुणचुणीत, तिला मी अस्वलाचं पुस्तक दिलं. तिने घडाघडा वाचलं. आवाज चढवून, घोरण्याची जागा आली की घोरून. मोठ्या बाईंनी ऐकून घेतलं. मग त्यांनी पान उलटलं आणि चित्रावर हात ठेवला. "हा शब्द कोणता, बाळ?"

शब्द 'नदी' होता. दोन अक्षरं.

तिने अक्षरावर बोट ठेवलं. मग तिने माझ्याकडे पाहिलं. डोळे भरले, पण रडली नाही. हळूच म्हणाली, "चित्र दिसलं तर सांगते."

तिला सगळं पुस्तक तोंडपाठ होतं, दादा. एकेक वाक्य. मी रोज वाचताना ऐकून तिने ते गिळून टाकलं होतं, केवळ मला बरं वाटावं म्हणून. आणि मी बावळट, मला ते वाचन वाटत होतं.

मोठ्या बाईंनी मला खुणेने बोलावलं. बाहेर व्हरांड्यात म्हणाल्या, "तुमचा जीव आहे मुलांवर, ते दिसतं. पण हे पाठांतर आहे. चित्रांच्या कुबड्या काढल्या की ही मुलं पडतील. तुम्ही त्यांना फसवताय." आवाज चढवला असता तर मी भांडले असते. त्या शांतपणे म्हणाल्या आणि ते झोंबलं, कारण त्यात तथ्य होतं.

घरी येताना मी रस्ताभर स्वतःला बोल लावत होते. मग कोपऱ्यावर वळताना डोक्यात आलं. यांना कुणीच कधी न ऐकलेला मजकूर हवा. मीसुद्धा न ऐकलेला. ज्यात पुढे काय आहे हे कळायचं असेल तर वाचण्यावाचून गत्यंतर नाही असा. आणि तसा मजकूर जगात एकच माणूस मला पाठवतो.

तुझी मिशांची आणि दातांची उत्तरं मी मुलांना वाचून दाखवली नाहीत. उद्या पाकीट तसंच त्यांच्यापुढे ठेवणार आहे. हवं असेल तर वाचा. मी सांगणार नाही.

पुस्तकं मी सोडणार नाही. चित्रांनीच त्यांना प्रश्न पडतात. पण उत्तर आता अक्षरांतून काढायचं.

टिटवी


११ ऑक्टोबर

दादा,

अकरा दिवस लागले 'मिशांनी मांजर वाट मोजतं' एवढं वाक्य फोडायला. बेकरीवाल्याच्या मुलीने 'मोजतं' लावलं आणि धावत जाऊन मांजरवालीला मिठी मारली. मांजर वाचलं. मुलीही वाचायला लागल्या.

फक्त एक अडचण होती. तुझं कार्ड केवढंसं, मुलं इतकी. एकाच्या डोक्यावर दुसरा. म्हणून आता तुझी उत्तरं मोठ्या कागदावर उतरवून भिंतीला लावते. ती छान दिसतात. अगदी छापल्यासारखी.

पुढचे प्रश्न सोबत आहेत. या वेळी ते मुलांनीच लिहिलेत, मी फक्त पाकीट चिकटवलं.

घरी सगळं ठीक. बाबांची खोकल्याची तक्रार सोडली तर.

टिटवी


१७ जानेवारी

दादा,

तुझी पत्रं आता कार्डातून पानावर आली आहेत हे तुझ्या लक्षात आलंय का? जिराफाच्या गुणगुणण्यावर तू चक्क दोन बाजू भरल्यास. मुलांनी त्या आठवडाभर पुरवून पुरवून वाचल्या. खाली 'तुमचा डॉक्टर' अशी सहीसुद्धा होती.

वर्गाची हालहवाल सांगते. आता आम्ही स्वतःची पुस्तकं करतो. प्रत्येकाने एक प्राणी निवडायचा, चार चित्रं काढायची आणि प्रत्येक चित्राखाली एक ओळ लिहायची. चित्रात जे दिसतं ते ओळीत लिहायचं नाही, हा नियम. चित्रात कासव रस्ता ओलांडताना दिसत असेल तर ओळीत ते कुठे निघालंय ते हवं. एकाचं कासव चष्मा आणायला निघालं होतं. शिंप्याच्या मुलाच्या कोळ्याचा सदरा आठ बाह्यांचा आहे आणि त्याच्याकडे कापड कमी पडलंय. काय सुंदर अडचण आहे बघ!

मी मोठ्या बाईंकडे गेले आणि म्हटलं, परीक्षेचा मजकूर शाळेबाहेरच्या माणसाने लिहावा, बंद पाकिटात थेट तुमच्या नावाने यावा, आणि तुम्हीच तो सगळ्यांसमोर फोडावा. म्हणजे फसवणुकीचा प्रश्नच नाही. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "आणि पाकीट आलंच नाही तर?" "येईल," मी म्हटलं. त्या म्हणाल्या, "नाही आलं तर मी माझा उतारा देईन." त्यांचा उतारा म्हणजे 'स्वच्छतेचे महत्त्व' छापाचा. त्यावर 'अ' तुकडीसुद्धा जांभया देते.

परीक्षा १४ मार्चला आहे. तुला जे वाटेल ते लिही, पण लिही.

टिटवी


२० फेब्रुवारी

दादा,

महिना झाला, तुझं पत्र नाही. कारण मला माहीत आहे.

मागच्या गठ्ठ्यात एकाने तुला लिहिलं (काल त्यानेच मला सांगितलं), "बाईंचे बाबा तुमची अक्षरं रंगवतात." मी प्रश्न तपासत नाही, तसेच पाकिटात घालते, हे तूच एकदा कौतुकाने लिहिलं होतंस. तर ते खरं आहे.

ऑक्टोबरात मी जेवणाच्या टेबलावर कागद पसरून तुझं मांजराचं उत्तर मोठ्या अक्षरांत उतरवत बसले होते. बाबा आतून आले. मागे उभे राहून बघत होते. म्हणाले, "ही काय अक्षरं आहेत? कोंबडी नाचवलीयस." माझ्या हातातून ब्रश घेतला. जन्मभर पाट्या रंगवलेला माणूस, त्यांना बघवलं नाही. पहिली ओळ ओढल्यावर विचारलं, "मजकूर कुणाचा?"

"एका डॉक्टरांचा," मी म्हटलं.

"हं." ब्रश रंगात बुडवून दुसरी ओळ ओढली. शेवटी म्हणाले, "याला ऱ्हस्व-दीर्घ अजून कळत नाही."

'अजून' म्हणाले, दादा. मी पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेले ती बराच वेळ तिथेच थांबले.

त्यानंतर तुझं प्रत्येक पत्र त्यांनीच उतरवलं. तुझ्या चुका सुधारून. मी तुला सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर तू लिहिणं थांबवलं असतंस. आणि बघ, थांबवलंसच.

तुझा राग मी विसरलेले नाही. तू दवाखाना काढलास, हौसेने पाटी रंगवून मागायला आलास आणि ते पाहुण्यांसमोर म्हणाले, "माणसांचा डॉक्टर झालास की ये. गुरांच्या डॉक्टरची पाटी मी रंगवत नाही." तू चहाचा कप तसाच ठेवून निघालास. मी दारात होते. तू माझ्याशीही बोलला नाहीस. तो अपमान लहान नव्हता. तू तो विसरावास असं मी म्हणत नाही, आणि बाबांनी मला त्यासाठी मध्यस्थ नेमलेलं नाही.

पण मी आज बाबांसाठी लिहीत नाहीये. ते तुम्ही दोघे बघून घ्या. मी माझ्या वर्गासाठी लिहितेय. रोज सकाळी मुलं विचारतात, "आलं का?" बेकरीवाल्याची मुलगी परवा म्हणाली, "डॉक्टर आजारी असतील. आपण त्यांना पत्र लिहू या." तिनेच लिहिलंय, सोबत आहे. 'लवकर बरे व्हा' यातला 'व्हा' लिहायला तिला चार खोडरबरं लागली असतील, पण तिने तो बरोबर लिहिलाय. ही तीच मुलगी, जिला 'नदी' वाचता आली नव्हती.

माझ्यावर राग काढायचा तर काढ. मी तेवढी निबर आहे. यांच्यावर काढू नकोस. पाकीट मोठ्या बाईंच्या नावाने पाठव. पत्ता मागे लिहिलाय. नाही पाठवलंस तरी मी 'स्वच्छतेचे महत्त्व' घेऊन उभी राहीन आणि ती पोरं तेही वाचतील, जांभया देत का होईना. मी मागे हटणार नाही. पण मग प्राण्यांचे डॉक्टर कुठे गेले, या प्रश्नाला मी काय उत्तर देऊ ते तूच कळव.

बाबांचा खोकला बरा नाही. आधी लिहिलं होतं त्यापेक्षा जास्त आहे. आता लपवाछपवी पुरे झाली, म्हणून सांगते.

टिटवी


१५ मार्च

दादा,

पाकीट आलं! काल शाळा भरण्याच्या जेमतेम आधी. शिपायाने ते मोठ्या बाईंच्या हातात दिलं तेव्हा मी व्हरांड्याच्या कठड्याला धरून उभी होते.

आता सविस्तर ऐक. मोठ्या बाईंनी वर्गासमोर पाकीट फोडलं, स्वतः वाचलं. चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. मग त्यांनी ते फळ्यावर स्वतःच्या हाताने उतरवलं, मला दाराशी उभं केलं आणि म्हणाल्या, "मनात वाचा. मग एकेकाला विचारीन."

वर्ग वाचायला लागला. ओठ हलत होते. कुणाचं बोट हवेत अक्षर गिरवत होतं. मीही वाचत होते. "माझ्याकडे एक कुत्रा आला. त्याचं पोट दुखत होतं. मालक म्हणाला, तो काहीच खात नाही. मी पोट उघडलं. आतून तीन मोजे निघाले."

इथवर सगळे गंभीर. आणि पुढची ओळ, "मालकाने ते नीट बघितले आणि म्हणाला, एकही जोडी जुळत नाही."

पहिल्यांदा शिंप्याचा मुलगा फिस्सकन हसला. अर्थात, कपड्यांचा मामला. मग खिडकीजवळचे दोघे. मग पहिला बाक. ज्याची ओळ जसजशी वाचून होत होती तसतसा तो हसत होता. एकाच वेळी नाही, दादा, एकामागून एक. सगळ्यांत शेवटी कोपऱ्यातला एक, जो अजून प्रत्येक अक्षरापाशी थांबतो, तो 'जुळत' पर्यंत पोचला, 'नाही' लावलं, आणि मग एकटाच इतक्या जोरात हसला की सगळा वर्ग पुन्हा हसला.

मोठ्या बाई खडू हातात घेऊन उभ्या होत्या. त्यांनी एकेकाला विचारलंच, सोडलं नाही. बेकरीवाल्याच्या मुलीला तिसरी ओळ दिली. तिने एकेक शब्द धरून वाचली, तालासुरात नाही, घडाघडा तर मुळीच नाही. दोनदा अडखळली, मागे गेली, पुन्हा वाचली. मी कधी इतकं सुंदर वाचन ऐकलं नव्हतं. दोघांना संपूर्ण उतारा जमला नाही. मोठ्या बाईंनी तेही टिपून ठेवलं.

बाहेर आल्यावर मला म्हणाल्या, "हसणं कुणी पाठ करून घेऊ शकत नाही." मग हातावरचा खडू झटकत, "तिसरीत जातील. सगळे. त्या दोघांकडे सुट्टीत तुम्ही बघा. आणि पुढच्या वर्षी यांच्याबरोबर तुम्हीही तिसरीत चला." चार पावलं गेल्या आणि वळून विचारलं, "ते मोजे खरंच निघाले होते का हो?"

मी म्हटलं, डॉक्टरांना विचारून सांगते. तर सांग.

संध्याकाळी बाबांना सगळं सांगितलं. मोज्यांशी आले तेव्हा तेही हसले आणि मग खोकत राहिले. पाणी पिऊन झाल्यावर म्हणाले, "बरं लिहितो." एवढंच. मी पुढे खोदलं नाही.

सोबत मुलांचे शेवटचे प्रश्न आहेत. या वेळी मी वर्गाला प्रश्नचिन्ह शिकवलं होतं. नियम असा, की एका कागदावर एकच प्राणी, एकच प्रश्न, आणि शेवटी प्रश्नचिन्ह हवंच. कागदांचा गठ्ठा मी काल टेबलावर ठेवला होता. आज पाकिटात भरताना मोजला तर एक कागद जास्त निघाला.

त्यावरची अक्षरं रंगाच्या ब्रशने काढली आहेत. पाटीवर असतात तशी, सरळ, एका उंचीची. मी कुणाचाच प्रश्न तपासत नाही, म्हणून हाही तपासला नाही. तसाच पाठवते आहे. तू पाकीट उघडशील तेव्हा तो सगळ्यांत वर असेल:

"म्हाताऱ्या गाढवाला आपली चूक फार उशिरा कळली, तर डॉक्टर घरी तपासायला येतात का?"

प्रश्नचिन्ह त्यांनी दोनदा गिरवलंय.

तुझी टिटवी